स्क्वाड्रनच्या दप्तरात शिरण्यापूर्वी

इतिहासात खरोखर होऊन गेलेल्या एखाद्या हवाई स्क्वाड्रनची मोहीम संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभी करावी, तिच्या धावपट्टीवरून आपणही उडावे आणि तिच्या वैमानिकांनी पाहिलेले डोंगर व नद्या आपल्याही डोळ्यांखालून जाव्यात, अशी इच्छा धरणारे अभ्यासक आता आपल्याकडे थोडे राहिलेले नाहीत. परंतु या कामाला हात घालणाऱ्या बहुतेकांची पहिली चौकशी विमानांच्या रंगाबद्दल असते, दुसरी बंदुकांबद्दल असते, आणि त्या स्क्वाड्रनला नेमून दिलेले काम कोणते होते ही चौकशी फार उशिरा, पुष्कळदा सारी रचना पुरी झाल्यावर होते. हा क्रम उलटा असला पाहिजे, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे.

मी जी स्क्वाड्रन निवडली ती भारतीय हवाई दलाची पहिली. १९३३ च्या १ एप्रिलला कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी तिची पहिली तुकडी उभी राहिली. १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशातील तौंगू येथे ती दाखल होते न होते तोच जपान्यांनी त्या तळावर बाँब टाकले, तेव्हा तिचे नायक करुण कृष्ण मजुमदार यांनी दुसऱ्याच दिवशी, मुळात सैन्याच्या टेहळणीसाठी बांधलेल्या मंदगती लायसँडर विमानाला बाँब लावून थायलंडमधील मे हाँग सोनच्या तळावर त्याची परतफेड केली. आणि १९४४ च्या फेब्रुवारीत हरिकेन विमाने घेऊन जी इम्फाळला गेली ती जपान्यांचा वेढा, पावसाळा आणि त्यानंतरची चढाई पाहत वर्षाहून अधिक काळ त्या आघाडीवरून हलली नाही, तिची कथा पडद्यावर यावी असे कोणाही भारतीयाला वाटणे स्वाभाविक आहे. इम्फाळच्या त्या दिवसांत तिचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते, आणि त्यांना मिळालेले डी.एफ.सी. हे पदक लॉर्ड माउंटबॅटन यांनी प्रत्यक्ष आघाडीवर येऊन त्यांच्या छातीवर लावले.

या स्क्वाड्रनवर पूर्वी कोणीतरी रचलेली एक मोहीम माझ्या हाती आली होती. तिच्यात खेळणारा दररोज सकाळी उडे, इम्फाळच्या पठारावर त्याला जपानी झिरो विमानांचा थवा भेटे, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या नावावर दोनतीन विमाने जमा होत. रचनाकाराने परिश्रम केले नव्हते असे नाही. विमानांचे रंग त्याने निगुतीने चढवले होते. परंतु त्या मोहिमेतील स्क्वाड्रन कोठेच अस्तित्वात नव्हती. इम्फाळची १ क्रमांकाची स्क्वाड्रन शत्रूची विमाने पाडण्यासाठी तेथे ठेवलेलीच नव्हती. ती इम्फाळ राखणाऱ्या चौथ्या कोअरचे डोळे म्हणून ठेवलेली होती.

तिच्या कामाची रीत समजून घेणे हीच संशोधनाची खरी पहिली पायरी. हरिकेन विमाने जोडीने निघत. पुढचा वैमानिक जमिनीकडे पाही: रस्त्यावरच्या चाकांच्या ताज्या खुणा, झाडीतून वर येणारा चुलीचा धूर, काल नव्हता तो आज दिसणारा पूल, चिंदविन नदीच्या काठी पानांखाली दडवलेल्या नावा. मागचा वैमानिक सतत डावीउजवीकडे वळणे घेत आकाशाकडे पाही, कारण पुढच्याचे डोळे खाली गुंतलेले असताना त्याच्या पाठीचे रक्षण करणारा दुसरा कोणी नसे. जपानी सैन्य रात्री चाले आणि दिवसा अरण्यात लपे. त्यामुळे इम्फाळकडे येणाऱ्या टिड्डिमच्या रस्त्यावर किंवा तामूच्या बाजूला दाट झाडांच्या शेंड्यांलगत उडून, डोंगराच्या कुशीत जे सहजी दिसत नाही ते पाहणे आणि जिवंत परत येऊन त्याची खबर देणे, यालाच त्या स्क्वाड्रनमध्ये यश म्हणत. ज्या वैमानिकाने शत्रूचे विमान दिसताच त्याच्याशी झुंज न घेता दरीत उतरून घरचा रस्ता धरला त्याने कर्तव्य चुकवले नव्हते, ते बजावले होते; त्याच्याजवळची बातमी तळावर पोचणे अधिक मोलाचे होते.

हे एकदा ध्यानी आल्यावर मोहिमेची रचनाच पालटते. इल-टू १९४६ या सिम्युलेटरच्या मिशन एडिटरात टेहळणीचे लक्ष्य नेमून देण्याची सोय आहे. तिचा उपयोग फार थोडे रचनाकार करतात. मी प्रत्येक उड्डाणापूर्वी कोअरच्या मुख्यालयाकडून आलेला प्रश्न ठेवला — अमुक वळणापाशी वाहने आहेत काय, अमुक पूल दुरुस्त झाला आहे काय — आणि परतल्यावर खेळणाऱ्याने त्याचे उत्तर लिहून मगच पुढच्या दिवशीचे पान उघडावे असा शिरस्ता घातला. ही मोहीम खेळणाऱ्या आमच्या मंडळींपैकी काहींनी विमाने पाडायला कधी मिळणार अशी तक्रार केली. मी ती मान्य केली नाही, आणि या वाटेने जाणाऱ्यांनी ती मान्य करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्यांना झुंजच हवी आहे त्यांनी त्याच आघाडीवर स्पिटफायर घेऊन लढलेली ६०७ किंवा ६१५ क्रमांकाची ब्रिटिश स्क्वाड्रन निवडावी. हरिकेनच्या टेहळ्यांना बळेच झुंजार ठरवून त्यांच्या वास्तविक शौर्यावर पडदा टाकू नये.

आता साधनांविषयी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा मागाहून लिहिलेल्या बखरी आणि घटनेच्या दिवशीच लिहिली गेलेली पत्रे यांच्या प्रामाण्यात केवढे अंतर असते ते त्यांनी महाराष्ट्राला परखडपणे दाखवून दिले, आणि हवाई स्क्वाड्रनच्या संशोधकालाही तीच कसोटी लागू पडते. निवृत्त वैमानिकांची आत्मचरित्रे व गौरवग्रंथ या आपल्या बखरी होत. त्यांत वातावरण असते, माणसे बोलतात, धावपट्टीवरचा चिखल आणि मलेरियाचा ताप जाणवतो, म्हणून त्या वाचल्याच पाहिजेत. पण तारीख, वेळ आणि विमानाचा क्रमांक यांसाठी त्यांवर विसंबू नये. अस्सल दप्तर म्हणजे स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक. तिचे दोन भाग असतात: फॉर्म ५४० मध्ये त्या त्या दिवसाचा सारांश, आणि फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाचा तपशील, म्हणजे विमानाचा क्रमांक, वैमानिकाचे नाव, नेमलेले काम, सुटण्याची व उतरण्याची वेळ आणि काय दिसले त्याची हकीकत. ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रनांची ही दप्तरे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत आहेत, आणि वैमानिकांनी लिहिलेले झुंजीचे अहवाल एआयआर ५० मध्ये. सारांश वाचून समाधान मानण्याचा मोह मोठा असतो. परंतु सारांश लिहिणारा अधिकारी महिन्याच्या अखेरीस, कधीकधी घाईने, मागील पाने भरीत असे, आणि ५४० मधील वाक्य ५४१ मधील आकड्यांशी जुळत नाही असे पुष्कळदा आढळते. अशा ठिकाणी तपशिलाच्या बाजूने कौल द्यावा, आणि वैमानिकाचे स्वतःचे लॉगबुक उपलब्ध असेल तर तिसरा साक्षीदार म्हणून त्यालाही उभे करावे.

स्क्वाड्रनचा क्रमांक हा एक स्वतंत्र धोका आहे. १ क्रमांकाची स्क्वाड्रन ब्रिटिश हवाई दलातही होती आणि ऑस्ट्रेलियन दलातही. नुसता क्रमांक पाहून गोळा केलेली छायाचित्रे दुसऱ्याच खंडातली निघण्याचा संभव असतो. ब्रह्मदेशातच हरिकेनवरून टेहळणी करणारी २८ क्रमांकाची ब्रिटिश स्क्वाड्रन होती. तिचे छायाचित्र आपल्या स्क्वाड्रनच्या नावाने छापले गेले तर वरवर पाहणाऱ्याला शंकाही येणार नाही. शिवाय क्रमांकाची परंपरा आणि माणसांची परंपरा एकाच मार्गाने चालत नाहीत. १९४७ च्या फाळणीनंतर १ क्रमांक काही वर्षे रिकामा राहिला आणि १९५३ मध्ये १५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला तो देण्यात आला. ६ व ९ हे क्रमांक पाकिस्तानच्या हवाई दलातही चालत राहिले. म्हणून आजच्या बोधचिन्हावरून १९४४ च्या विमानाच्या नाकावर चित्र काढणे सर्वथा वर्ज्य समजावे.

खुणांच्या बाबतीत एक दाखला पुरेसा आहे. युरोपातील ब्रिटिश विमानांवरील ओळखीच्या वर्तुळात मध्यभागी लाल ठिपका असे. परंतु जपानी विमानांवरील लाल सूर्यबिंबाशी त्याचा घोटाळा होऊन आपल्याच तोफांनी आपले विमान पाडू नये म्हणून १९४३ पासून आग्नेय आशियातील ब्रिटिश व भारतीय विमानांवरील लाल रंग काढून टाकण्यात आला, आणि गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका आला. इम्फाळच्या हरिकेनवर लाल ठिपका दिसला की रचनाकाराने युरोपातील नमुना उचलला हे जाणत्याला तत्काळ कळते.

शत्रूचे दप्तर न पाहता केलेले संशोधन एकतर्फी फिर्यादीसारखे असते. ब्रह्मदेशातील मित्रपक्षाच्या अहवालांत ठिकठिकाणी झिरो विमानांचा उल्लेख येतो. पण झिरो हे जपानी नौदलाचे विमान, आणि ब्रह्मदेशावर उडत होते ते बहुतांशी जपानी भूसेनेचे हवाई दल, ज्याचे मुख्य लढाऊ विमान नाकाजिमा की-४३ हायाबुसा हे होते. दोहोंची आकृती दुरून सारखी दिसे, म्हणून घाबऱ्या क्षणी वैमानिकाने जे नाव ओळखीचे होते ते लिहिले. आपण मात्र पडद्यावर झिरो उतरवला तर ती चूक आपल्या पदरी पडते, कारण झिरोच्या पंखांत २० मिलिमीटरच्या तोफा होत्या आणि हायाबुसाच्या नाकात दोनच मशीनगन, आणि त्यामुळे संपूर्ण झुंजीचे स्वरूपच बदलते. ब्रह्मदेशात या विमानांनिशी लढलेली ६४ वी सेंताई, म्हणजे हवाई रेजिमेंट, शेपटीवरच्या बाणाच्या खुणेने ओळखली जाई. युद्धाच्या अखेरीस जपान्यांनी आपली पुष्कळ कागदपत्रे जाळली, तरी जे उरले ते आणि सेन्शी सोशो ही त्यांची अधिकृत युद्धेतिहासमाला यांवरून दोन्ही पक्षांचे दावे ताडून पाहता येतात. आणि ताडून पाहिल्यावर कळते की ‘पाडले’ म्हणून नोंदवलेल्या विमानांपैकी कित्येक त्याच संध्याकाळी आपल्या तळावर उतरलेली होती. यात खोटेपणा शोधू नये. ताशी शेकडो मैलांच्या वेगाने फिरणाऱ्या माणसाला धूर सोडीत ढगात शिरणारे विमान कोसळले असे वाटले तर तो त्याच्या डोळ्यांचा दोष नव्हे. पण मोहिमेत त्या दिवशी शत्रूची किती विमाने कमी झाली हे ठरवताना शत्रूच्याच नोंदीला मान द्यावा.

दोन्ही दप्तरे समोरासमोर ठेवताना घड्याळाचा हिशेब प्रथम करावा. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानातील घड्याळे आजच्या प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे होती. जपानी सैन्य मात्र ब्रह्मदेशातही टोकियोची वेळ पाळी. दोहोंत अडीच तासांचे अंतर पडते. इम्फाळच्या नोंदीत सकाळी साडेसहाला झालेला हल्ला जपानी नोंदीत नऊला झालेला दिसतो, आणि हे न जाणणारा संशोधक एकाच हल्ल्याचे दोन हल्ले करतो. सूर्य कोठे होता, खोऱ्यात धुके होते की विरले होते, हेही या हिशेबावरच अवलंबून आहे.

आणि हवामान. इम्फाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, चहूंकडून डोंगरांनी वेढलेले. २९ मार्च १९४४ रोजी कोहिमाचा रस्ता तुटला आणि २२ जून रोजी तो पुन्हा मोकळा झाला, म्हणजे वेढ्याची अखेर भर पावसाळ्यात झाली. ढग डोंगरमाथ्यांवर टेकलेले असत आणि खोरे हीच वाट उरे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इम्फाळजवळच्या पालेलहून कलकत्त्याच्या बाजूस निघालेली ६१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सोळा स्पिटफायर विमाने वादळी ढगांत सापडली आणि त्यांपैकी आठ परत आली नाहीत. शत्रूने त्या दिवशी एकही गोळी झाडली नव्हती. ज्या मोहिमेत आकाश नेहमी निरभ्र असते तिला इम्फाळचे नाव देऊ नये.

राहिली नावांची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत जपण्याची. सिम्युलेटर वैमानिकांचे मरण यदृच्छेने ठरवतो. खरी नावे पटावर ठेवली तर ९८ वर्षे जगलेले अर्जन सिंग पहिल्याच आठवड्यात मारले जातील, आणि जो तरुण प्रत्यक्षात डोंगरावर आदळून गेला तो अखेरपर्यंत हसत उडत राहील. म्हणून मी स्क्वाड्रनच्या नायकाचे नाव केवळ हुकुमांखाली सहीपुरते ठेवले, उडणाऱ्यांना कल्पित नावे दिली, आणि ज्यांनी त्या महिन्यांत प्राण दिले त्यांची खरी नावे तारखेसह मोहिमेच्या आरंभीच्या पानावर लिहिली. ती राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींतून पडताळता येतात. ज्या वैमानिकांची थडगी सापडली नाहीत त्यांतील अनेकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत.

एक विनंती उरते. त्या स्क्वाड्रनांत वैमानिकांखेरीज हवाई सिपाही होते. इंजिने उतरवणारे, बंदुका भरणारे, रात्री खंदकात निजून पहाटे विमान तयार ठेवणारे. त्यांची नोंद ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकमध्ये क्वचितच सापडते. ज्यांच्या घरी आजोबांचे किंवा पणजोबांचे लॉगबुक, सेवापुस्तक, ब्रह्मदेशातून आलेली पत्रे अथवा विमानाशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र असेल, त्यांनी ते पेटीत वाळवीच्या हवाली करू नये. प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांचीही, आणि छायाचित्राच्या मागच्या बाजूची नक्कल उतरवून घ्यावी, चेहऱ्यांखाली माहीत असतील ती नावे लिहून ठेवावीत, आणि विचारायला येणाऱ्या अभ्यासकाला ती दाखवावीत.