आवळलेली फाईल उघडत नाही तेव्हा



शालेय कामकाजाचा पुष्कळसा भाग आता संगणकाद्वारे चालतो. माहितीचे तक्ते, प्रश्नपत्रिका, प्रशिक्षणाचे साहित्य हे सारे एका आवळलेल्या फाईलीत, म्हणजे ‘झिप’ फाईलीत, बांधून शाळांकडे धाडले जाते. ही फाईल उघडली नाही की संगणकच बिघडला असे समजून काम थांबते. मुदत जवळ आली की पेनड्राईव्ह घेऊन बाजारातील दुकान गाठावे लागते. आळंदीहून पालखी ज्या वाटेने पुण्यास येते, त्या वाटेवरील विश्रांतवाडीत राहून रोज खेड्यातील शाळेवर जाणाऱ्या शिक्षकांना ही धावपळ अपरिचित नसावी. दुकानात जाण्यात गैर काही नाही. परंतु त्या पेनड्राईव्हवर मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. ती माहिती परक्या संगणकावर मागे राहू नये, यासाठी शाळेतच दोषाचे कारण शोधता येणे अगत्याचे आहे. त्याचा क्रम या पाठात दिला आहे.

फाईल आवळते कशी?

तक्ता भरताना प्रत्येक नावापुढे गाव व तालुका पुन्हा पुन्हा न लिहिता आपण ‘वरीलप्रमाणे’ असे लिहितो. संगणकही तेच करतो. पूर्वी आलेला मजकूर पुन्हा आला की ‘इतकी अक्षरे मागे जा व तेथून इतकी अक्षरे घे’ एवढीच नोंद तो ठेवतो. याकोव झिव व अब्राहम लेंपेल या इस्रायली शास्त्रज्ञांनी ही युक्ती १९७७ साली मांडली. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ साली झिप ही रचना प्रचारात आणली. तीत आज रूढ असलेली पद्धत याच युक्तीवर उभी आहे. तक्ते व मजकूर तिच्यामुळे बरेच लहान होतात. छायाचित्रे व चित्रफिती मुळातच आवळलेल्या असल्याने त्यांचा आकार फारसा घटत नाही.

झिपची आणखी दोन लक्षणे ध्यानात घ्यावीत. पुस्तकाची अनुक्रमणिका आरंभी असते. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. तसेच, गणित सोडविल्यावर मुले जसा ताळा पाहतात, तसा आतील प्रत्येक फाईलीच्या ताळ्याचा एक आकडा झिपमध्ये नोंदलेला असतो. फाईल बाहेर काढताना संगणक तो आकडा पुन्हा काढून पाहतो. बहुतेक अडचणींचा उलगडा या दोन लक्षणांवरून होतो.

कारणे व उपाय

१. फाईल अपुरी उतरणे. हे सर्वांत नेहमीचे कारण होय. खेड्यात जोडणी मध्येच तुटते आणि फाईलीचा शेवट यावयाचा राहतो. अनुक्रमणिका तेथेच असल्यामुळे नव्वद टक्के भाग येऊनही फाईल उघडत नाही व ‘फोल्डर अवैध आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. प्रथम फाईलीचा आकार पाहावा व तो पाठविणाऱ्याकडील आकाराशी ताडावा. कमी भरल्यास फाईल पुन्हा उतरवून घ्यावी.

२. ताळा न जुळणे. आकार बरोबर, पण ‘सीआरसी’ दोषाचा संदेश येतो, तेव्हा आतील मजकुरात फरक पडलेला असतो. सदोष पेनड्राईव्ह किंवा नकलेच्या मध्येच तो उपसून काढणे ही त्याची कारणे असू शकतात. मूळ ठिकाणाहून नवी प्रत घ्यावी.

३. प्रकार निराळा असणे. नावाच्या शेवटी ‘रार’ किंवा ‘सेव्हन-झेड’ असल्यास जुन्या विंडोजला ती फाईल उघडता येत नाही. विंडोज ११ मध्ये ही सोय २०२३ पासून आली. अन्य ठिकाणी इगोर पाव्हलोव्ह यांचा ‘सेव्हन-झिप’ हा विनामूल्य प्रोग्राम चालतो. तो त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोध घेताना ‘येथे दाबा’ म्हणून पुढे येणाऱ्या जाहिरातींतून घातक प्रोग्राम संगणकात शिरतात. नावाचा शेवट बदलून ‘झिप’ असा लिहिल्याने आतील प्रकार बदलत नाही.

४. तुकडे असणे. मोठ्या फाईलीचे ‘पार्ट वन’, ‘पार्ट टू’ असे भाग करून पाठवितात. सर्व भाग एकाच फोल्डरात ठेवून पहिला उघडावा. एक भाग नसला तरी काम अडते.

५. परवलीचा शब्द. तो पाठविणाऱ्याकडूनच मागून घ्यावा. शब्द बरोबर असूनही विंडोज नकार देत असेल, तर नव्या पद्धतीचे कुलूप असण्याचा संभव आहे. ते सेव्हन-झिपने उघडते.

६. नाव लांब असणे. विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण पत्ता साधारणतः २६० चिन्हांत बसावा लागतो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळे चिन्ह म्हणून मोजली जातात. त्यामुळे मराठी नावे ही मर्यादा लवकर ओलांडतात. फाईल ‘काम’ अशा छोट्या नावाच्या फोल्डरात नेऊन उलगडावी.

७. मराठी नावांऐवजी विचित्र चिन्हे दिसणे. जुन्या झिपमध्ये देवनागरी नावांची सोय नव्हती. ती २००६ साली रचनेत आली. आतील मजकूर सहसा सुरक्षित असतो. फाईल उघडून पाहावी व नाव नव्याने द्यावे.

८. जागा अपुरी असणे. उलगडलेल्या फाईली मूळ झिपहून मोठ्या असतात व झिपही जागेवरच राहते. दोहोंना पुरेल इतकी जागा आहे का, हे आधी पाहावे.

एक विशेष सूचना

झिप फाईल दोनदा दाबली की आतील तक्ता दिसतो, उघडतोही. परंतु तेव्हा उघडते ती तात्पुरती प्रत. तिच्यात चाळीस मुलांची शिष्यवृत्तीची माहिती भरून तक्ता बंद केला, तर ती माहिती मूळ झिपमध्ये जात नाही आणि कोराच तक्ता वर पाठविला जातो. नुकसान सोसावे लागते ते मुलांना. म्हणून उजवे बटण दाबून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ निवडावे, तक्ता बाहेर काढावा आणि मगच लिहावयास घ्यावे. पाठविण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहावा.

एवढे करूनही अडचण राहिल्यास मदत मागताना ‘उघडत नाही’ एवढेच कळवू नये. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा, फाईलीचे पूर्ण नाव व आकार कळवावा. फाईल मात्र कोणत्याही गटावर टाकू नये.

केंद्राच्या बैठकीसाठी स्वाध्याय

(अ) काल्पनिक नावांचा चाळीस ओळींचा एक तक्ता व एक छायाचित्र यांची निरनिराळी झिप करा. दोहोंचे आधीचे व नंतरचे आकार फळ्यावर मांडून फरकाचे कारण सांगा.

(आ) झिपमधूनच तक्ता उघडून एक नाव घालण्याचा प्रयत्न करा. मग झिप नव्याने उघडून ते नाव शोधा.

(इ) आपल्या शाळेत गतवर्षी न उघडलेल्या फाईली आठवून वरीलपैकी कोणते कारण लागू होते, ते ठरवा.