बाटली उघडण्याआधी

मासा तळाशी जाऊन बसला, पर मिटून घेतले, खाणं सोडलं, की आपण दुकान गाठतो. आणि तिथे निळ्या औषधाची बाटली हातात पडते. छोट्या टाकीतले कितीतरी मासे रोगापेक्षा या घाईनेच दगावतात, असं माझं मत आहे. कल्ल्यांची धाप, पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप, दगडावर अंग घासणं ही लक्षणं रोगाची असतात, तशीच बिघडलेल्या पाण्याचीही. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि हौस अशी की पहिल्याच रविवारी डझनभर गप्पी येतात. त्यातही २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो. अशा पाण्यात मेथिलीन ब्लू ओतलं की फिल्टरमधले उपयोगी जिवाणूच मरतात आणि अमोनिया आणखी चढतो. म्हणून आधी टेस्ट किट, नंतर औषध.

‘तपासत बसलो तर मासा हातचा जाईल’ असं कुणी म्हणेल. त्यावर उत्तर सोपं आहे. क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी घेऊन एक तृतीयांश पाणी बदला. निदान काहीही निघो, याने नुकसान होण्याची शक्यता फार कमी, आणि विचार करायला वेळ मिळतो.

पाणी ठीक निघालं तर मात्र औषधाला पर्याय नाही, आणि तिथे चूक होते ती उलटी: औषध लवकर थांबवलं जातं. अंगावर मिठाच्या कणांसारखे दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे ‘व्हाइट स्पॉट’. हा परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो गळून वाळूत कोष करतो, आणि एका कोषातून शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. औषधाने मरतात ती ही पोहणारी पिल्लं. त्यामुळे ठिपके नाहीसे झाले याचा अर्थ मासा बरा झाला असा नाही. ते नुसते खाली पडलेले असू शकतात. २५ अंशांच्या आसपास हे चक्र काही दिवसांत पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लांबतं. म्हणून ठिपके गेल्यावरही औषध चालू ठेवायचं, आणि चक्राला वेग यावा म्हणून हीटरने तापमान वाढवायचं.

पण हाच हीटर दुसऱ्या रोगात घात करतो. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा पांढुरका थर दिसला की सगळे ‘बुरशी’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा तो कॉलमनॅरिस हा जिवाणूंचा रोग असतो, आणि कोमट पाण्यात तो भराभर पसरतो. ‘थोडं मीठ, थोडं औषध, थोडी ऊब, सगळंच करून बघू’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो, फॉर्मालिनची औषधं तो आणखी घटवतात, आणि तांब्याच्या औषधाने टाकीतल्या कोळंब्या, गोगलगायी मरतात. मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टाकीत फोडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून ठेवतं. माशाला फारसं काही मिळत नाही.

काही दुखण्यांत घरगुती उपाय जवळजवळ हरलेलेच असतात. फुगून खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो. पोट खपाटीला गेलेला, पाठीचा कणा वाकलेला मासा क्षयाच्या कुळातल्या जिवाणूंनी ग्रासलेला असू शकतो, आणि ते जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतात. असा मासा लगेच वेगळा काढावा, आणि हाताला चीर किंवा जखम असेल तर टाकीत हात घालू नये.