विमान बदलायला दीड तास? सत्तरीत नको

मुलीचं बाळंतपण, मुलाचं नवं घर, नातवाची मुंज. अमेरिकेला निघालेले आईवडील ‘फिट टू फ्लाय’चा दाखला मागायला दवाखान्यात येतात. मी बीपी बघते, साखर तपासते, ईसीजी काढते आणि मग तिकीट दाखवा म्हणते. बहुतेकांना नवल वाटतं. डॉक्टरांना तिकीट कशाला हवं? पण पुष्कळदा खरी अडचण तिथेच सापडते. मुंबईहून दुबई नाहीतर दोहा, तिथे दीड तासाचा लेओव्हर, की पुढे १४ तासांचं विमान. “मुलाने मुद्दाम शोधून काढलंय डॉक्टर, मध्ये उगाच ताटकळायला नको म्हणून.”

थांबा जितका छोटा, तितका प्रवास सुखाचा, हा समज काही केल्या जात नाही. पंचविशीतल्या मुलाला तो लागू पडत असेल. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि प्रोस्टेट घेऊन निघालेल्या माणसाला तो मुळीच लागू पडत नाही. त्या वीस-बावीस तासांच्या प्रवासात धड चालता येतं, निवांत लघवीला जाता येतं, पोटभर खाऊन वेळेवर गोळ्या घेता येतात, ते फक्त मधल्या थांब्यात. नेमका तोच वेळ आपण कापतो.

“विमान कंपनीनेच तिकीट विकलंय, म्हणजे वेळ पुरत असणारच,” असंही ऐकते. प्रत्येक विमानतळावर विमान बदलण्याचा एक किमान वेळ ठरलेला असतो आणि तेवढा मिळत असेल तर तिकीट विकलं जातं. त्या हिशोबात तुमचे गुडघे धरलेले नसतात. विमान वेळेवर उतरेल आणि माणूस झपझप चालेल, असं गृहीत असतं. आता आपला हिशोब मांडा. हातात ९० मिनिटं. विमान अर्धा तास उशिरा टेकलं, उरली ६०. व्हीलचेअरवाल्यांना सर्वांत शेवटी उतरवतात, त्यात २० गेली. पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या साधारण २० मिनिटं आधी बंद होतं. उरली २० मिनिटं. त्यात पुन्हा सुरक्षा तपासणी, सरकते जिने, कधी एका इमारतीतून दुसरीकडे नेणारी ट्रेन. स्वच्छतागृहाचं नावच नको.

व्हीलचेअर असली की विमान आपल्यासाठी थांबतं, असं पुष्कळांना वाटतं. थांबत नाही. तरीही व्हीलचेअर मागाच. “मी काय अपंग आहे का?” असं रागावून विचारणारे काका मला दर महिन्याला भेटतात. घरात चालता येतं पण लांब अंतर झेपत नाही, अशांसाठी विमान कंपन्यांकडे वेगळा प्रकारच असतो. निघण्याच्या किमान ४८ तास आधी कळवायचं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या पेशंट काकू मुलीकडे निघाल्या होत्या. वय ६८, दोन वेळा मिक्स इन्सुलिन घेणाऱ्या, शिस्तीच्या. आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर सव्वा तासाचा थांबा होता. पहिलं विमान उतरायच्या बेतात असताना त्यांनी घड्याळ बघून इन्सुलिन टोचून घेतलं. उतरल्यावर काहीतरी खाऊ, असा विचार. विमान उशिरा टेकलं, तपासणीला रांग, आणि काकू पदर खोचून गेटच्या दिशेने धावत सुटल्या. गेटपाशी पोचेपर्यंत दरदरून घाम, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. कर्मचाऱ्यांना वाटलं म्हातारी घाबरली आहे. मागच्या रांगेतल्या एका केरळी नर्सच्या लक्षात आलं, तिने फळांचा रस पाजला. काकू शुद्धीवर राहिल्या. विमान मात्र गेलं.

त्यांच्यासारखे नियम पाळणारे पेशंटच यात जास्त सापडतात, कारण ते घड्याळ सोडत नाहीत. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही, विमानात नाही आणि विमानतळावरही नाही. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड किंवा गोंधळ यांपैकी काही जाणवलं की तपासत बसू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लासभर गोड रस आधी घ्या, १५ मिनिटांनी साखर बघा, कमीच असेल तर पुन्हा घ्या. साखरेची पुडी खिशात ठेवा. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात ठेवलेली पुडी ऐन वेळी हाताला लागत नाही. मुंबई आणि न्यूयॉर्क यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, पश्चिमेकडे जाताना तुमचा दिवस तेवढा लांबतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचं वेळापत्रक त्यामुळे बदलावं लागतं. ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, शेजारच्यांना विचारून नको.

धावण्याचा दुसरा धोका हृदयाला. तासन्‌तास आखडून बसायचं, झोप नाही, पोटात चहा-बिस्किट, आणि मग हातात दहा किलोची बॅग घेऊन अर्धा किलोमीटर पळायचं. छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, चालताना लागलेली धाप हे सगळं आपल्याकडे एका शब्दात निकालात निघतं, ‘गॅस’. पाकिटातली अ‍ॅसिडिटीची गोळी तोंडात टाकून माणूस पुन्हा पळू लागतो. मधुमेही माणसाला तर हार्ट अ‍ॅटॅकमध्ये छातीत दुखतंच असं नाही, नुसती धाप आणि गळून गेल्यासारखं होतं. अशा वेळी विमान सुटलं तरी चालेल. जागच्या जागी बसा आणि जवळच्या कर्मचाऱ्याला बोलवा. मोठ्या विमानतळांवर वैद्यकीय पथक असतं. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्या, कारण तिने बीपी उतरतं.

छोट्या थांब्याच्या धास्तीने आणखी एक गोष्ट होते. माणसं पाणीच पीत नाहीत. लघवीची गोळी परस्पर बंद करतात, सकाळपासून घोटभर चहावर राहतात. विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते. प्रोस्टेट असलेले काका वर सर्दीची किंवा झोपेची गोळी घेतात, कुणीतरी दिलेली. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत असं औषध असतं की मूत्राशय नीट आकसत नाही. आधीच तासन्‌तास दाबून धरलेली लघवी मग होतच नाही, पोट फुगतं, आणि उतरल्यावर पहिला मुक्काम इमर्जन्सीत, कॅथेटर घालून. झोपेच्या गोळीने माणूस पाय न हलवता सात-आठ तास पडून राहतो, ते नुकसान वेगळंच.

न हललेल्या पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरून तिकीट रद्द करू नका, कारण मुळातला धोकाच कमी आहे, त्याच अभ्यासात तो सुमारे सहा हजारांत एक असा निघाला. पण कॅन्सर, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा आधी कधी झालेली गुठळी असेल तर आम्हाला सांगितल्याशिवाय निघू नका. आणि बसण्याचे तास विमानापासून मोजू नका. कोल्हापूरहून गाडीने मुंबईला येणारा माणूस विमानात बसण्याआधीच सात-आठ तास पाय मुडपून बसलेला असतो.

यावर व्हॉट्सअ‍ॅपने दिलेला इलाज म्हणजे कुणाला तरी चालू असलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी आदल्या रात्री घेऊन टाकणे. प्रवासातली गुठळी टाळायला अ‍ॅस्पिरिन घ्यावी, असं तज्ज्ञ सांगत नाहीत. अल्सरवाल्याला मात्र तिने रक्तस्राव होऊ शकतो. विमानात ऑक्सिजन वाढावा म्हणून कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगणारेही आहेत. त्याने ऑक्सिजन कणभरही वाढत नाही. दर तासाला घोटे फिरवा, जमेल तेव्हा उठा, आणि मधल्या विमानतळावर वीस मिनिटं संथ चाला. त्यासाठीच तर मी थांबा मागते आहे.

किती मागते? साठीपुढच्यांसाठी आणि औषधं चालू असलेल्यांसाठी तीन ते चार तास. अमेरिकेत उतरून तिथेच आतलं विमान धरायचं असेल तर चारच्या खाली नको. शिकागो असो की नेवार्क, देशात शिरता त्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करून, साधारणपणे सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावं लागतं. अबूधाबीमार्गे थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची अमेरिकी तपासणी अबूधाबीतच होते, त्यांनी तिथे ऐसपैस वेळ ठेवावा. दुसऱ्या टोकाला जाऊन खुर्चीत रात्र काढायला लावणारा बारा तासांचा थांबाही घेऊ नका. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, म्हणजे एक चुकलं तर पुढची सोय कंपनी करते. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढून आईवडिलांना पाठवणाऱ्या मुलांवर मी खरोखर रागावते.

विमान चुकलं की मोठी बॅग हाती लागत नाही. म्हणून आठवडाभराच्या गोळ्या, इन्सुलिन, ग्लुकोमीटर आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत. बॅगेतलं इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठून निकामी होऊ शकतं. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. संयुक्त अरब अमिरातीत त्यांबाबत कडक नियम आहेत, आणि विमान चुकून शहरात मुक्काम करायची वेळ आली तर तुम्ही त्या नियमांत येता.

पोचल्यावरही पुढचे तीन-चार आठवडे पायांकडे लक्ष ठेवा. दोन्ही पाय थोडे सुजले तर बहुधा दोन दिवसांत उतरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर तेल लावून चोळून घेऊ नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यात रक्त आलं, तर त्याच मिनिटाला इमर्जन्सीत जायचं आणि लांबचा विमानप्रवास झालाय हे आधी सांगायचं. इथे आपले लोक गप्प बसतात. तिकडचं बिल केवढं येईल, मुलाला भुर्दंड कशाला, या विचाराने दोन-दोन दिवस पोटरी लपवतात. प्रवासाचा विमा त्यासाठीच काढलेला असतो, आणि विमा नसला तरी मुलाला उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.