वाड्याची शाळा : क्रॉयडनचा जुना प्रासाद

लंडनच्या दक्षिण भागात क्रॉयडन येथे कँटरबरीच्या आर्चबिशपांचा एक प्राचीन वाडा आहे. कँटरबरीचे आर्चबिशप हे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्माधिकारी होत. १०८६ सालच्या सरकारी जमीनपाहणीतही क्रॉयडनची जमीन आर्चबिशप लान्फ्रांक यांच्या नावे नोंदलेली आढळते. अशा या वाड्यात पुढे मुलींची शाळा कशी भरू लागली, हे त्याच्या रचनेवरून समजून घेण्याजोगे आहे.

त्या काळचा आर्चबिशप हा धर्मगुरू तर असेच, शिवाय मोठा जमीनदार आणि राजाचा सल्लागारही असे. म्हणून त्याच्या निवासात अनेक प्रकारची दालने लागत. क्रॉयडनचे मोठे सभागृह सुमारे ५६ फूट लांब व ३८ फूट रुंद आहे. पंधराव्या शतकात उभारलेले त्याचे छप्पर कमानदार लाकडी कैच्यांवर तोललेले असून मध्ये एकही खांब नाही. छपराचा भार दोन्ही बाजूंच्या जाड भिंतींवर उतरतो. त्यामुळे खालची सारी जागा मोकळी राहते. येथे पंगती बसत व पाहुण्यांचे स्वागत होई. पहिली एलिझाबेथ राणीही या वाड्यात उतरलेली आहे. सभागृहाखेरीज येथे पहारेकऱ्यांचे दालन, लांबट सज्जा आणि प्रार्थनामंदिर आहे. सभागृहाच्या भिंतींत गारगोटी व दगड दिसतात, तर प्रार्थनामंदिर विटांचे आहे. हा वाडा एका हातचा व एका काळचा नाही, हे भिंतीच सांगतात.

जागा मात्र सखल व दमट होती. १७५८ नंतर येथे कोणी आर्चबिशप राहिले नाहीत, आणि १७८० साली पार्लमेंटाच्या कायद्याने वाडा विकण्यास परवानगी मिळाली. पुढे तेथे कापड धुण्याचा व छपाईचा कारखाना चालला. १८३० साली सभागृहाची एक भिंत कोसळली. जेथे राणीचा सत्कार झाला, तेथे कपडे वाळू लागले! तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की कारखाना होता म्हणूनच छप्पर राहिले. वापरच नसता, तर वाड्याचे दगडही कोणी वाहून नेले असते.

१८८७ साली ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांनी वाडा विकत घेऊन एका धर्मभगिनी संघास दिला, आणि १८८९ साली तेथे शाळा सुरू झाली. वाड्याची दालने शाळेच्या कामी सहज आली. प्रार्थनामंदिरात प्रार्थना होऊ लागली. पहारेकऱ्यांच्या दालनात ग्रंथालय आले. सभागृहात सर्व मुली एकत्र बसू लागल्या. एकत्र जमणे, प्रार्थना करणे, वाचणे, फिरणे या गरजा धर्मगुरूच्या घराच्या तशाच शाळेच्याही असतात. म्हणून भिंती न पाडता जुन्या घरात नवे जीवन सामावले.

शंभराहून अधिक वर्षे चाललेली ही शाळा २०२५ साली बंद झाली. वास्तू संरक्षित असल्याने कायदा तिला पाडू देणार नाही. पण कायद्याने दारे उघडत नाहीत, दिवे लागत नाहीत, कौले वेळच्या वेळी फेरली जात नाहीत. ते काम राहत्या माणसांचे आहे. आता त्या सभागृहात कोण बसणार, यावरच त्याचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावातही जुने वाडे आहेत. त्यांच्यापुढून जाताना एवढे अवश्य पाहावे, की कोणत्या दालनात आज कोणते काम चालते आणि कोणते दालन रिकामे पडले आहे.