धूळ पेटते तेव्हा : गाळ्यात काम करणाऱ्यांसाठी माहिती

उत्तनहून बसने भाईंदरला जाऊन तिथल्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिश करणारे कुणी आपल्या घरात असेल, तर संध्याकाळी त्यांच्या कपड्यांवरची करडी धूळ आपण झटकतो. ती छातीत जाते हे आपल्याला माहीत असते. ती पेटूही शकते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

लाकडाचा ओंडका पेटवायला वेळ लागतो, पण त्याचाच भुसा हवेत उडाला आणि ठिणगी मिळाली तर क्षणात भडका होतो. पीठ, साखर, मसाला, कापसाचे तंतू, प्लास्टिकची पूड यांचेही तसेच. ॲल्युमिनियमची धूळ सर्वांत घातक. स्टीलची धूळ तितक्या चटकन पेटत नाही, पण बफच्या सुती चाकाचे तंतू आणि पॉलिशची मेणचट पूड तिच्यात मिसळते, आणि ती पेटते.

स्फोटासाठी पाच गोष्टी जुळाव्या लागतात : पेटणारी धूळ, हवा, ठिणगी किंवा उष्णता, हवेत उडालेला ढग आणि बंदिस्त जागा. पहिला स्फोट बहुधा लहान असतो. त्याच्या धक्क्याने तुळयांवर, पंख्यावर, पत्र्यावर साचलेली धूळ खाली येते आणि दुसरा, मोठा स्फोट होतो. माणसे जास्त करून त्यातच जातात.

चीनमधील कुनशान येथे 2 ऑगस्ट 2014 रोजी मोटारींची चाके पॉलिश करणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा असाच स्फोट झाला. मृतांचा आकडा शेवटी 146 वर गेला. धूळ ओढणारी यंत्रणा वेळेवर साफ केलेली नव्हती.

म्हणून धुळीच्या जागांचे तीन झोन पाडतात. प्रश्न एकच : ढग किती वेळ असतो?

झोन 20 : ढग सतत किंवा वारंवार असतो. उदा. धूळ ओढणाऱ्या नळीच्या आणि डस्ट कलेक्टरच्या आत.
झोन 21 : रोजच्या कामात ढग अधूनमधून होतो. उदा. पूड ओतण्याच्या, पोते भरण्याच्या तोंडापाशी.
झोन 22 : ढग सहसा होत नाही, झाला तर थोडा वेळ. उदा. पिशवी फाटली किंवा साचलेली धूळ उडाली, अशी आसपासची जागा.

आकडा लहान तितका धोका मोठा. कोणती मोटर, दिवा, बटण कुठे बसवायचे ते यावरून ठरते. उघडे बटण, साधा होल्डर, ठिणगी पाडणारी मोटर या जागांत चालत नाही. झोन ठरवणे जाणकार इंजिनिअरचे काम आहे, पण धूळ कुठे आणि केव्हा उडते हे तिथे रोज उभ्या असलेल्या कामगारालाच नीट माहीत असते. ते त्याने सांगावे. धूळ नीट काढली तर एखादी जागा धोक्याच्या यादीतून बाहेरही येते.

1948 च्या कारखाना कायद्यातले 37 वे कलम याच धोक्यासाठी लिहिले गेले : यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, ठिणगी दूर ठेवा. कामगार कमी आहेत म्हणून धूळ कमी पेटत नाही. लहान गाळ्यातही मालकाकडे हे मागायला हवे.

आजपासून पाहा :

• तुळईवर बोट फिरवा. रेघ उमटली, तर धूळ साचली आहे.
• कॉम्प्रेसरची हवा मारून किंवा झाडूने जोरात झाडून धूळ उडवू नका. साधा व्हॅक्यूमही वापरू नका, ठिणगी पडते.
• ॲल्युमिनियमच्या धुळीवर पाणी टाकू नका. त्यातून पेटणारा हायड्रोजन वायू निघतो. आग लागली तर कोरडी वाळू सुरक्षित अंतरावरून टाका, मोठी असेल तर बाहेर पडा.
• धुळीजवळ विडी, वेल्डिंग, ग्राइंडिंग नको. वेल्डिंग करायचेच असेल तर आधी काम थांबवून धूळ काढा.
• बाहेर जायची वाट पोत्यांनी अडवू देऊ नका.

कुणी भाजले तर भाग 20 मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तेल लावू नका. 108 ला फोन करा, आगीसाठी 101.

घरी आल्यावर कपडे घरात झटकू नका. वेगळे ठेवून वेगळे धुवा. मुलांच्या छातीलाही जपायचे आहे.