परसबागेत फुलपाखरे आणि शिंजीर

नागपूर शहर व परिसरात फुलपाखरांच्या १४५ जाती आढळल्याची नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आहे. महाराजबाग, अंबाझरी, सेमिनरी हिल्स ही त्यांची परिचित ठिकाणे होत. वाढत्या वस्तीत ही संपदा टिकवावयाची असेल, तर घरोघरच्या परसबागांनीही तिला आश्रय द्यावयास हवा.

सुरवंटाचे अन्न

भरपूर फुले लावली की फुलपाखरे येतील, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फुलातील मध हे प्रौढ फुलपाखराचे अन्न. सुरवंटाला पाने लागतात आणि तीही ठरावीक वनस्पतींचीच. कढीपत्ता व लिंबू यांवर लिंबू फुलपाखरू अंडी घालते. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या नीलवंताचा सुरवंटही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतो. बहावा व टाकळा, ईश्वरीची वेल, कुंपणाची रुई यांवर आणखी कित्येक जाती पोसल्या जातात. रुईच्या पानांतील विष सुरवंटाच्या अंगी भिनते, म्हणून पक्षी त्याच्या व पुढे त्याच्या फुलपाखराच्याही वाटेस सहसा जात नाहीत. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने हे झुडूप मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावे.

कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसताच फवारणी करणारा गृहस्थ नकळत फुलपाखरेच मारीत असतो. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा व पुढे हिरवा होणारा तो सुरवंट काही दिवसांत कोशात जातो. झाडाला पुन्हा पालवी फुटते. शक्य असल्यास कढीपत्त्याची दोन झाडे लावावीत: एक स्वयंपाकासाठी, दुसरे सुरवंटांसाठी.

मधासाठी फुले

झेंडू, सदाफुली व तगर ही सहज मिळणारी फुलझाडे होत. घाणेरीवर फुलपाखरे येतात खरी; परंतु ही परदेशी वनस्पती रानात पसरून स्थानिक झुडपांना हटविते, म्हणून ती मुद्दाम लावू नये.

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. आपल्याकडे फुलांतील मध टिपण्याचे काम शिंजीर करतो. जास्वंद व अडुळसा परसात, तर पळस, पांगारा व काटेसावर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत लावल्यास तो हमखास येतो. पिलांना मात्र तो कीटक व कोळी भरवितो. कीटकनाशक टाळण्याचे हे दुसरे कारण होय. त्याचे लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेले असते. पिले उडेपर्यंत ती फांदी छाटू नये.

पाणी आणि हंगाम

रोपे जूनमध्ये, पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा वेळी झाडाच्या सावलीत उथळ पाणी व थोडी ओली माती ठेवावी. ओल्या मातीतील क्षार शोषण्यासाठी नर फुलपाखरे तेथे जमतात.

शाळा व पंचायतीचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायतींमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात व गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार केली जाते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, कोणता सुरवंट दिसला हे लिहून घेतल्यास त्या नोंदवहीस मोलाची भर पडेल. एका कढीपत्त्यावर अंडे, सुरवंट, कोश व फुलपाखरू या चारही अवस्था पाहिलेले मूल पुढे त्या झाडावर फवारणी करताना दोनदा विचार करील.