अमरावती-अकोल्याहून दूरच्या प्रवासासाठी सायकल बांधून घेताना काय पाहावे?

लांबच्या प्रवासाला क्रोमोली पोलादाची फ्रेम सर्वांत भरवशाची. ॲल्युमिनियम हलके खरे, पण ते सांधणारा कारागीर वाटेत सहसा भेटत नाही. पोलादी नळी परतवाड्यातही तात्पुरती सांधून घेता येते. सामानाचा भार मागे असल्याने मागच्या चाकाला 36 स्पोक हवेत.

वऱ्हाडात खरी कसोटी काळ्या मातीची. पावसाळ्यात ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. म्हणून 40 मिलिमीटरचा टायर बसवूनही भोवती बोटभर जागा उरेल, अशीच फ्रेम मागावी. चिखलात रिम ब्रेकपेक्षा तारेवरचा डिस्क ब्रेक बरा. बाभळीच्या काट्यांसाठी संरक्षक पट्टीचे टायर घ्यावेत. सामानासह चिखलदऱ्याचा घाट चढायला पुढे 26 आणि मागे 34 दात, इतका हलका गिअर लागतो.